आदेशाची वाट पाहणाऱ्या शाळा

शाळेच्या सुरक्षेचा विचार आपल्याकडे बहुधा वस्तूंच्या अंगाने होतो. भिंतीवर टांगलेला अग्निशामक सिलिंडर, व्हरांड्यातला सीसीटीव्ही कॅमेरा, मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेरची तक्रारपेटी, संरक्षक भिंत, फाटकावरचा रखवालदार आणि जिन्याजवळची बाण दाखवणारी पाटी अशी ही यादी असते. ती तपासायला सोपी असते, तिच्यासाठी निधी मागता येतो आणि ती पूर्ण झाली की शाळा सुरक्षित आहे असे प्रमाणपत्रही मिळते. मात्र प्रत्यक्ष आग लागते, जमीन हादरते, छताची माती गळू लागते किंवा एखादे मूल आपल्याला कोणी त्रास दिला असे घरी सांगते, तेव्हा या सगळ्या वस्तूंच्या आधी दुसऱ्याच गोष्टींची परीक्षा होते. धोक्याची पहिली खूण कोणाच्या ध्यानात आली, त्याने ती कोणाला सांगितली, ऐकणाऱ्याला त्यावर कृती करण्याचा अधिकार होता की त्यालाही वरच्या कोणाला विचारावे लागणार होते, आणि या विचारण्यात किती वेळ गेला, या प्रश्नांच्या उत्तरांवर अनेक मुलांचे जगणे-मरणे ठरले आहे. निरनिराळ्या देशांतील शालेय दुर्घटनांचे चौकशी अहवाल आणि न्यायनिवाडे एकमेकांशेजारी ठेवले तर त्यांत हा धागा इतक्या वेळा दिसतो, की त्याकडे योगायोग म्हणून पाहता येत नाही.

याचे कारण शाळा नावाच्या संस्थेच्या घडणीतच आहे. शेकडो मुले एका छताखाली दिवसभर सांभाळायची तर मुलांनी सांगितल्याशिवाय जागा सोडू नये, शिक्षकांनी विचारल्याशिवाय वर्ग सोडू नये आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीशिवाय घंटा वाजू नये, ही शिस्त लागतेच. तिच्याशिवाय रोजची शाळा चालणार नाही. पण सुरक्षा-व्यवस्थाही याच शिस्तीच्या पायावर उभी केली गेली, म्हणजे धोका दिसताच आधी वरून आदेश येईल आणि मग सगळे हलतील असे तिने गृहीत धरले, की ज्या दिवशी आदेश देणारा माणूस जागेवर नसतो, गोंधळलेला असतो किंवा त्याला धोका दिसतच नसतो, त्या दिवशी सारी व्यवस्था जागच्या जागी थांबते.

अमेरिकेतील शिकागो शहरात १ डिसेंबर १९५८ रोजी ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ या कॅथलिक शाळेला लागलेली आग हे याचे जुने आणि अतिशय बारकाईने अभ्यासले गेलेले उदाहरण आहे. त्या आगीत ९२ मुले आणि ३ जोगिणी-शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. विशेष म्हणजे अवघ्या काही आठवड्यांपूर्वी झालेल्या अग्निसुरक्षा तपासणीत ही शाळा उत्तीर्ण झाली होती. इमारत जुनी असल्यामुळे छतातून आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा बसवण्याचा नवा नियम तिला लागू नव्हता, आणि धोक्याची घंटा शाळेत असली तरी ती अग्निशमन दलाशी जोडलेली नव्हती. पण त्याहून महत्त्वाची बाब वेगळी होती. ती घंटा वाजवण्याचा अधिकार शाळेच्या प्रमुखांपुरता मर्यादित होता, आणि धूर पाहिलेली शिक्षिका परवानगीसाठी त्यांच्या कार्यालयात गेली तेव्हा त्या दुसऱ्या एका वर्गावर बदली शिक्षिका म्हणून शिकवत होत्या. कार्यालय रिकामे पाहून ती शिक्षिका परतली आणि आपल्या वर्गाला घेऊन स्वतःच्या जबाबदारीवर बाहेर पडली. वरच्या मजल्यावरील इतर वर्गांत धूर शिरेपर्यंत मुले आपापल्या बाकांवर होती, आणि नंतर व्हरांड्यातून बाहेर पडण्याची वाट उरली नाही. या आगीनंतर अमेरिकेतील शाळांच्या अग्निसुरक्षेचे नियम आमूलाग्र बदलले आणि असंख्य शाळांतील घंटा थेट अग्निशमन दलाशी जोडल्या गेल्या. घंटा वाजवण्यासाठी कोणालाही विचारावे लागू नये, हा दुसरा धडा मात्र प्रत्येक देशाला आपल्या मुलांच्या जिवाची किंमत मोजून नव्याने शिकावा लागला. दक्षिण कोरियात १६ एप्रिल २०१४ रोजी ‘सेवोल’ ही प्रवासी बोट बुडाली, तेव्हा शालेय सहलीवर निघालेली २५० मुले-मुली दगावली. बोट कलत असतानाही ध्वनिक्षेपकावरून जागेवरच थांबण्याच्या सूचना दिल्या जात होत्या आणि मुलांनी त्या पाळल्या होत्या.

या विषयावर सर्वांत सखोल विचार करायला लावणारी दोन उदाहरणे जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर एकाच दिवशी घडली. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्यापाठोपाठ त्सुनामी, म्हणजे समुद्रतळाच्या हालचालीने उसळणाऱ्या प्रचंड लाटा, किनाऱ्यावर आल्या. इशिनोमाकी शहराच्या हद्दीतील ओकावा प्राथमिक शाळा किताकामी नदीच्या काठी, नदीच्या मुखापासून सुमारे ४ किलोमीटर आत होती. धोक्याच्या नकाशात, म्हणजे कोणत्या भागापर्यंत पाणी येऊ शकते याचा पूर्वअंदाज दाखवणाऱ्या सरकारी नकाशात, ही शाळा पाण्याच्या रेषेबाहेर होती. किंबहुना आपत्तीच्या वेळी आजूबाजूच्या रहिवाशांनी आश्रयाला येण्याचे ठिकाण म्हणून तिचीच निवड झालेली होती. भूकंप थांबताच शिक्षकांनी मुलांना नियमाप्रमाणे मैदानात आणले, रांगा लावल्या, हजेरी घेतली. इथपर्यंत सारे तालमीप्रमाणे झाले. त्यानंतर मात्र मुले जवळजवळ ५० मिनिटे त्याच मैदानात थांबून राहिली.

शाळेच्या पाठीमागेच डोंगर होता, आणि शाळेच्या उपक्रमात मुले त्या उतारावर अळिंबीची लागवड करायला जातही असत. वाचलेल्यांच्या आणि पालकांच्या सांगण्यातून पुढे आले, की काही मुलांनी डोंगरावर जाऊ या असे शिक्षकांना म्हटले होते. त्या दिवशी मुख्याध्यापक रजेवर होते. आपत्तीच्या वेळी काय करायचे याच्या शाळेच्या पुस्तिकेत त्सुनामी आल्यास जवळच्या मोकळ्या जागेत किंवा उद्यानात जावे अशा अर्थाचे मोघम वाक्य होते, पण ती जागा नेमकी कोणती हे कोठेही लिहिलेले नव्हते. डोंगरावर झाडे कोसळतील काय, वृद्ध रहिवाशांना चढता येईल काय, याची चर्चा होत राहिली; महापालिकेची गाडी ध्वनिक्षेपकावरून लाट आल्याचे ओरडत गेली; आणि शेवटी मुलांना घेऊन शिक्षक नदीच्या पुलाजवळच्या थोड्या उंच जागेकडे निघाले तेव्हा लाट समोरून आली. शाळेतील १०८ मुलांपैकी ७४ मुले आणि तेथे हजर असलेल्या ११ शिक्षकांपैकी १० जण दगावले किंवा बेपत्ता झाले.

या घटनेवर झालेला खटला भारतीय शिक्षण-प्रशासनातील प्रत्येक अधिकाऱ्याने अभ्यासावा असा आहे. २३ मुलांच्या कुटुंबीयांनी दाखल केलेल्या या खटल्यात सेंदाई उच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०१८ रोजी सुमारे १४३ कोटी येनची भरपाई मंजूर केली आणि २०१९ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. मैदानात त्या पन्नास मिनिटांत गोंधळलेल्या शिक्षकांवर दोष ठेवून न्यायालय थांबले नाही. नकाशात शाळा सुरक्षित दिसत असली तरी नदीच्या सान्निध्यामुळे असलेला धोका शाळेने आणि शिक्षण मंडळाने स्वतः ओळखायला हवा होता, २०१० मध्येच पुस्तिकेत निश्चित जागा आणि तिथवरचा मार्ग लिहायला हवा होता, आणि ते लिहिले गेले आहे की नाही हे मंडळाने तपासायला हवे होते, असे त्याने म्हटले. न्यायालयाच्या मते ही संघटनात्मक हयगय होती, म्हणजे संकटाच्या क्षणी एखाद्या व्यक्तीच्या हातून झालेली चूक नसून, संकटाच्या कितीतरी आधी संस्थेने न केलेले काम होते. दुर्घटनेनंतर एखाद्या शिक्षकाला निलंबित करून प्रकरण मिटवण्याची आपल्याकडील रीत पाहता हा भेद फार मोलाचा आहे.

त्याच दिवशी, त्याच किनाऱ्यावर, उत्तरेकडील कामाइशी शहरात शाळकरी मुलांचे काय झाले हे यासोबत पाहावे लागते. तेथील उनोसुमाई भागातील प्राथमिक शाळा आणि माध्यमिक शाळा या दोन्हीही धोक्याच्या नकाशातील रेषेबाहेरच होत्या. पण गुन्मा विद्यापीठातील आपत्तिविज्ञानाचे प्राध्यापक तोशिताका कातादा यांनी त्या शहरातील शाळांमध्ये काही वर्षे काम करून मुलांना तीन गोष्टी शिकवल्या होत्या: नकाशावर विसंबू नका, त्या क्षणी शक्य असेल ते सर्व करा, आणि पळणाऱ्यांत पहिले तुम्ही व्हा. त्या किनाऱ्यावर ‘तेन्देन्को’ नावाची जुनी शिकवण आहे; त्सुनामी आली की ज्याने त्याने कोणासाठी न थांबता उंचावर पळावे आणि आपली माणसेही तसेच करतील असा विश्वास ठेवावा, असा तिचा आशय आहे. ऐकताना ती निष्ठुर वाटते, पण घरच्यांना शोधण्यासाठी मागे फिरलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या लाटेत गेल्याचे पाहिलेल्या लोकांनी ती घडवलेली आहे. भूकंपाने वीज गेली आणि माध्यमिक शाळेची ध्वनिक्षेपण यंत्रणा बंद पडली. सूचना आलीच नाही, आणि तरीही मुले पळू लागली. शेजारच्या प्राथमिक शाळेतील मुले तोवर वरच्या मजल्यावर चढली होती. मोठी मुले पळताना पाहून तीही खाली उतरून त्यांच्यामागे निघाली. ठरलेल्या जागी पोहोचल्यावर तिथला कडा ढासळलेला दिसला, तेव्हा मुले आणखी वर गेली, आणि पाणी मागे येताना दिसताच त्याहूनही वर गेली. दोन्ही शाळांच्या इमारती पाण्याखाली गेल्या. शहरातील सुमारे ३,००० शाळकरी मुलांपैकी ९९.८ टक्के मुले वाचली.

यातून शाळेत शिस्त नको असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. कामाइशीची मुले शिस्तीतच पळाली. फरक इतकाच, की निर्णय आधीच झालेला होता आणि तो अमलात आणण्यासाठी त्या क्षणी कोणाच्या होकाराची गरज उरलेली नव्हती. चीनच्या सिचुआन प्रांतात १२ मे २००८ रोजी भूकंप झाला, तेव्हा सरकारी आकडेवारीनुसारही ५,००० हून अधिक विद्यार्थी शाळांच्या ढिगाऱ्याखाली गेले. त्याच भागातील सांगझाओ माध्यमिक शाळेतून २,२०० हून अधिक विद्यार्थी आणि शिक्षक १ मिनिट ३६ सेकंदांत बाहेर पडले आणि कोणीही दगावले नाही. ये झिपिंग हे तेथील मुख्याध्यापक. निकृष्ट बांधकामाची वर्गइमारत त्यांनी वर्षानुवर्षे निधी मागून, थोडी थोडी करत भक्कम करून घेतली होती. प्रत्येक सत्रात ते संपूर्ण शाळेची तालीम घेत, आणि कोणत्या वर्गाने कोणत्या जिन्याने, कोणत्या ओळीने उतरायचे हे त्यांनी ठरवून दिले होते. आदेशांची वाट न पाहता सुटणारी मुले आणि त्यांच्या पायाखाली टिकून राहणारी इमारत, या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र होत्या. इमारतच कोसळणार असेल तर कोणतीही तालीम उपयोगी पडत नाही, हेही तितकेच खरे आहे. २००५ च्या काश्मीर भूकंपात पाकिस्तानच्या ताब्यातील भागात हजारो मुले वर्गांतच गाडली गेली, कारण तो शाळा भरलेली असण्याच्या वेळी आला होता. महाराष्ट्रातील किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. शाळा रिकाम्या होत्या, आणि त्यामुळे दगड-मातीच्या त्या शाळाखोल्यांची परीक्षा झाली नाही, एवढेच म्हणता येते.

भारतात शालेय सुरक्षेची कायदेशीर चौकट उभी राहिली ती तमिळनाडूतील कुंभकोणम येथील आगीनंतर. १६ जुलै २००४ रोजी तेथील एका खासगी शाळासंकुलात ९४ लहान मुले जळून मेली. एकाच अरुंद इमारतीत एकाच व्यवस्थापनाच्या तीन शाळा भरत होत्या. मध्यान्ह भोजन शिजवण्याच्या जागेतील आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि वरच्या मजल्यावरच्या तशाच छपरापर्यंत पोहोचली. खाली उतरायचा मार्ग चिंचोळा होता आणि पेटते छप्पर मुलांवर कोसळले. या घटनेतील सर्वांत अस्वस्थ करणारा तपशील चौकशीत पुढे आला. अनुदानित तमिळ माध्यमाच्या वर्गात पुरेशी पटसंख्या आहे असे तपासणीत दिसावे म्हणून इंग्रजी माध्यमाची मुले त्या दिवशी त्या छपराखाली आणून बसवलेली होती. मुलांचे हित पाहण्यासाठी निर्माण झालेल्या तपासणीच्या यंत्रणेने, तिला सामोरे जाण्याच्या खटपटीतून, त्या खोलीतील गर्दी वाढवली. त्यापूर्वी २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे एका शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात कृत्रिम कापडाच्या मंडपाला आग लागून ४०० हून अधिक माणसे गेली होती, त्यांतील निम्म्याहून अधिक मुले होती, आणि बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. त्या आगीतून देशाने धडा घेतला असता तर नऊ वर्षांनी कुंभकोणमला काय घडले असते, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

कुंभकोणमनंतर दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार या जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला. घटनेच्या अनुच्छेद २१-अ ने दिलेला शिक्षणाचा हक्क हा सुरक्षित शाळेत शिकण्याचाही हक्क आहे असे न्यायालयाने स्पष्ट केले, आणि इमारतींची तपासणी, राष्ट्रीय बांधकाम संहितेचे पालन, अग्निशामक साधने व ती वापरण्याचे कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण असे आदेश दिले. पुढे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये शालेय सुरक्षा धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने सुरक्षेची उत्तरदायित्वे निश्चित करणारी तत्त्वे प्रसिद्ध केली. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी व जुलैमध्ये घ्यावे लागते, आणि शालेय बसगाड्यांसाठी २०११ चे स्वतंत्र नियम आहेत, ज्यांत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखालील परिवहन समितीची तरतूद आहे. थोडक्यात, नियमांची कमतरता नाही. ज्या मुलांना घेऊन व्हॅनवाले काका किंवा रिक्षावाले काका रोज दाटीवाटीने जातात त्यांच्यापर्यंत बसचे नियम पोहोचत नाहीत, ही उणीव आहेच. पण मुख्य अडचण तिथे नाही.

ती राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी गावी २५ जुलै २०२५ च्या सकाळी दिसली. सरकारी शाळेचे छत कोसळून ७ मुले दगावली. छतातून खडे आणि माती पडत असल्याचे मुलांनी आधीच शिक्षकांना सांगितले होते आणि त्यांना बसून राहायला सांगण्यात आले, असे वाचलेल्या मुलांनी सांगितल्याचे वृत्तपत्रांत आले. धोकादायक इमारतींच्या प्रशासकीय यादीत या शाळेचे नाव नव्हते. म्हणजे इमारतीची अवस्था ओळखण्याची संपूर्ण शासकीय व्यवस्था एका बाजूला निष्प्रभ ठरली होती, आणि दुसऱ्या बाजूला त्या क्षणी योग्य निदान केलेली माणसे म्हणजे शाळकरी मुले होती. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या शाळांमध्ये मोडकळीस आलेली खोली वापरातून काढायची तर तिचे निर्लेखन करावे लागते, म्हणजे ती मालमत्ता आता वापरण्यायोग्य नाही असे ठरवून तिला अधिकृतपणे नोंदीतून काढून टाकावे लागते. त्यासाठी शाळेचा प्रस्ताव, अभियंत्याचा दाखला आणि जिल्हा परिषदेची मंजुरी असा प्रवास असतो, आणि तो पूर्ण होऊनही नवीन खोली मिळेलच असे नसते. अशा वेळी मुख्याध्यापकासमोर धोकादायक खोलीत वर्ग भरवणे किंवा पावसात व्हरांड्यात दोन वर्ग एकत्र बसवणे एवढेच पर्याय उरतात. त्या खोलीला कुलूप लावण्याचा अधिकार मंजुरीची वाट न पाहता त्याला असायला हवा, आणि तसे केल्याबद्दल त्याला जाब विचारला जाणार नाही याची लेखी हमीही असायला हवी.

बदलापूरच्या घटनेकडेही याच प्रश्नाच्या प्रकाशात पाहिले पाहिजे, जरी तिचे स्वरूप अगदी निराळे होते. ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथील एका शाळेत पूर्वप्राथमिक वर्गातील दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड झाले. आरोपी हा नुकताच कंत्राटी पद्धतीने कामावर आलेला सफाई कर्मचारी होता. मुलींनी ते घरी सांगितले, घरच्यांनी वैद्यकीय तपासणी करून घेतली, आणि त्यानंतर गुन्हा नोंदवण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास थांबावे लागले. २० ऑगस्टला हजारो लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि २२ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून याचिका दाखल करून घेत शाळेच्या व पोलिसांच्या दिरंगाईवर कडक शब्दांत ताशेरे ओढले. शाळेतील कॅमेऱ्यांचे १५ दिवसांचे चित्रीकरण उपलब्ध नसल्याचे तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी सांगितले होते. न्यायालयाने पुढे निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली.

शासनाने २१ ऑगस्ट २०२४ रोजीच निर्णय काढून सर्व शाळांना एका महिन्यात सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्यास सांगितले. तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी आणि सखी सावित्री समिती, म्हणजे मुलींच्या सुरक्षेसाठी मार्च २०२२ च्या निर्णयाने प्रत्येक शाळेत स्थापन व्हायची समिती, यांवरही भर दिला. यांतील प्रत्येक उपाय आपापल्या जागी आवश्यक आहे. पण ते चार वर्षांच्या मुलीच्या बाजूने तपासून पाहावे लागतात. कॅमेरा स्वच्छतागृहात लावता येत नाही, लावू नयेही. आणि तिला सर्वाधिक धोका तिथेच असतो. तक्रारपेटी तक्रारदाराला लिहिता येते असे गृहीत धरते. समितीच्या बैठकीत काय बोलायचे हे तिला कळत नाही. ती फक्त दुखते असे म्हणते, शाळेत जायचे नाही असे म्हणते, एखाद्या ‘दादा’चे नाव घेते, किंवा काहीच न बोलता अंथरूण ओले करू लागते. ही तिची तक्रार आहे, आणि ती वाचण्याचे शिक्षण शाळेतील शिक्षिकेपासून शिपाई, मावशी आणि गाडीतल्या मदतनीस ताईंपर्यंत सर्वांना मिळालेले असेल तरच तिची नोंद होते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे पोक्सो, याबाबतीत अगदी स्पष्ट आहे: कलम १९ नुसार असा अपराध घडल्याचे ज्याला समजते, किंवा घडण्याची शक्यता ज्याला वाटते, त्या प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणाऱ्यासाठी कलम २१ मध्ये शिक्षा आहे, ती संस्थेच्या प्रमुखासाठी अधिक कडक आहे. आधी संस्थेची अंतर्गत चौकशी करू, खातरजमा करू, मग कळवू अशी सवलत हा कायदा देत नाही. इथेही घंटा वाजवण्याचा अधिकार कायद्याने प्रत्येकाच्या हातात दिलेला आहे. संस्था तो नावलौकिकाच्या भीतीने पुन्हा वरच्या दालनात नेऊन ठेवतात.

तंत्रज्ञानाने ही अडचण सुटेल असे मानणाऱ्यांनी अमेरिकेतील टेक्सास राज्यात उवाल्डे येथे २४ मे २०२२ रोजी काय झाले ते पाहावे. रॉब प्राथमिक शाळेत एका बंदूकधाऱ्याने १९ मुले आणि २ शिक्षिकांना ठार केले. शाळेभोवती कुंपण होते, वर्गांना कुलपे होती, मोबाइलवर तत्काळ इशारा देणारी यंत्रणा होती, आणि शाळा व्यवस्थापनाचे स्वतःचे पोलीस दल होते. राज्य विधिमंडळाच्या समितीने जुलै २०२२ मध्ये दिलेल्या अहवालातून दिसले, की दारे कुलूपबंद ठेवण्याचा नियम रोजच्या गैरसोयीमुळे सैल झाला होता, एका वर्गाचे कुलूप बिघडल्याचे अनेकांना माहीत होते, इंटरनेट क्षीण असल्यामुळे सर्व शिक्षकांना इशारा वेळेत मिळाला नाही, आणि सीमेजवळच्या त्या गावात पोलिसांच्या पाठलागांमुळे इशारे इतक्या वेळा वाजत, की लोक त्यांना सरावले होते. हल्ला सुरू झाल्यावर ३७६ पोलीस जमले आणि आतल्या मुलांनी फोनवरून मदत मागूनही हल्लेखोराला ठार करायला ७७ मिनिटे लागली, कारण कोणाच्या आदेशावरून आत शिरायचे हेच निश्चित नव्हते. शाळांतील बंदुकांचा प्रश्न हा त्या देशाचा आहे आणि तो आपल्याकडे ओढून आणण्याचे कारण नाही. पण उपकरणे भरपूर, निर्णयाची जबाबदारी मात्र अनिश्चित, ही स्थिती आपल्या ओळखीची आहे.

महाराष्ट्रात लाखाहून अधिक शाळा आहेत, आणि त्यांतल्या हजारो शाळांची पटसंख्या विसाच्याही आत आहे. अशा द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक प्रशिक्षणाला, मतदारयादीच्या कामाला किंवा तालुक्याच्या बैठकीला गेला की चार-पाच इयत्तांची मुले एकाच शिक्षकाकडे राहतात. मोठ्या शहरी शाळेसाठी तयार केलेला आराखडा, ज्यात शोध व बचाव पथक, प्रथमोपचार पथक, संपर्क पथक अशी शिक्षकांची पथके असतात, या शाळेत फलकावर नावे लिहून पूर्ण केला जातो. एकाच शिक्षकाचे नाव चारही पथकांत येते. प्रत्यक्षात अशा शाळेत आगीच्या सर्वांत जवळ असते ती पोषण आहार शिजवणारी मदतनीस. कुंभकोणमच्या आगीचा उगम जिथे झाला त्या जागी ती रोज उभी असते, धूर तिलाच आधी दिसतो, आणि सुरक्षेच्या प्रशिक्षणाला मात्र तिला क्वचितच बोलावले जाते.

आपल्याकडे रंगीत तालीम, म्हणजे खऱ्या प्रसंगाचे सोंग घेऊन केलेला सराव, बहुधा आधी जाहीर केलेल्या दिवशी, चांगल्या हवेत, सर्व शिक्षक हजर असताना, अग्निशमन दलाच्या गाडीसमोर होते. तिच्या अहवालात तारीख, उपस्थिती आणि छायाचित्रे असतात. तिथे काय चुकले याची नोंद नसते, कारण काही चुकू नये अशीच तिची रचना असते. तिच्याऐवजी महिन्यातून एकदा, परिपाठाच्या वेळी नव्हे तर मधल्या सुट्टीत किंवा शेवटच्या तासाला, कोणालाही पूर्वसूचना न देता, एक जिना बंद आहे आणि मुख्याध्यापक जागेवर नाहीत असे ठरवून दहा मिनिटांचा सराव घेतला तर त्यासाठी निधी लागत नाही. टोल कोणीही द्यावा: मदतनीस मावशींनी, शालेय मंत्रिमंडळातल्या सहावीच्या आरोग्यमंत्र्याने, किंवा पहिलीतल्या मुलाने धूर दिसला असे सांगितल्यावर त्याच्या शेजारच्या मोठ्या मुलीने. इशारा खोटा निघाला तरी देणाऱ्याला रागावायचे नाही, हा नियम शिक्षकांना आणि मुलांना सारखाच सांगितलेला असावा, कारण एकदा ओरडा खाल्लेले मूल पुढच्या वेळी छतातून माती पडताना पाहूनही गप्प बसते. केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीच्या वेळी सिलिंडरवरची मुदत तपासावीच, पण त्याच भेटीत स्वतः टोल देऊन शाळा रिकामी व्हायला किती मिनिटे लागली, कोणता वर्ग शिक्षकांची वाट पाहत थांबला आणि दिव्यांग मुलाला कोणी उचलले, हे शेरेबहीत लिहावे, आणि पुढच्या भेटीत तोच वर्ग पुन्हा पाहावा.